नवीन फोर बाय फोर पहिल्याच वर्षी कुरकुर करायला लागली तर काय करायचं

नवीन गाडी घरी आली की पूजा होते, पेढे वाटतात, चाकाखाली लिंबू जातं, त्याच दिवशी अजून एक काम करा. फ्रिजचा नाहीतर टीव्हीचा जो मोठा पुठ्ठा माळ्यावर पडलाय तो काढा आणि रात्री गाडीखाली सरकवून ठेवा. इंजिनपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) पुरायला पाहिजे, एक कमी पडला तर दोन चिकटवा, आणि चारही चाकं कुठे येतात तिथे पेनने खूण करा म्हणजे सकाळी डाग पडलेला असेल तर तो बरोबर कशाच्या खाली आहे ते कळतं. आठवडाभर रोज हे करायचं, नंतर महिन्यातून एकदा.

मी हे पहिल्या दिवसापासून केलं आणि नवव्या दिवशी पुढच्या उजव्या चाकाच्या जरा आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा डाग दिसला. मधासारखा रंग, बोटावर घेतला तर चिकट, आणि वास एकदम उग्र, फटाक्याच्या दारूसारखा गंधकाचा. तो वास म्हणजे गिअर ऑइल. इंजिन ऑइल नवीन असताना रंगाने साधारण असंच दिसतं पण त्याला हा वास नसतो. कूलंट गुलाबी नाहीतर हिरवं असतं आणि पाण्यासारखं पातळ, डिझेल पुठ्ठ्यावर लगेच पसरतं आणि वासाने कळतंच, आणि एसीचं पाणी सुकलं की मागे काहीच उरत नाही, त्यामुळे ते बघून घाबरू नका. एवढं ओळखता आलं तरी सर्व्हिस सेंटरवाल्याशी बोलताना तुम्ही नुसतं "काहीतरी गळतंय" म्हणणार नाही, "पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल उजव्या बाजूने पाझरतंय" म्हणाल, आणि समोरचा माणूस वेगळ्या पद्धतीने ऐकायला लागतो.

गाडी कुठल्या कंपनीची ते इथे सांगत नाही, मुद्दा तो नाहीये. चारशे किमीला मी दाखवायला नेली तर सुपरवायझर म्हणाला, "साहेब नवीन गाडी आहे, असेंब्लीचं ग्रीस असतं ते, दोन हजार किमीला आपोआप बंद होईल." फडक्याने पुसलं, वॉशिंग करून दिलं, जॉब कार्ड, म्हणजे तक्रारीची लेखी नोंद, काही उघडलं नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा २,९०० किमीला मी पुठ्ठाच घेऊन गेलो आणि काउंटरवर ठेवला, तेव्हा गाडी लिफ्टवर गेली आणि पाच मिनिटांत सापडलं, ऑइल सीलची ओठासारखी जी कड असते ती बसवतानाच दुमडली होती. सील बदललं, दुपारी गाडी परत मिळाली. पण तोपर्यंत ऑइल बरंच कमी झालं होतं आणि पुढे सहा हजारांच्या आसपास फोर बाय फोर टाकल्यावर, म्हणजे चारही चाकांना ताकद दिल्यावर, बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला, बेअरिंग गेलं होतं. वॉरंटीत मागितलं तर पहिला प्रश्न हाच आला की तक्रार पहिल्यांदा कधी केली, आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर पहिली नोंद होती २,९०० किमीची! आधीच्या दोन फेऱ्या कुठेच नाहीत. माझ्याकडे पुठ्ठ्याचे तारखेसकट फोटो होते, त्यातल्या दोनात मीटरचं रीडिंगही होतं, त्यावर शेवटी काम झालं.

म्हणून पुढे जे काही लिहितोय ते सगळं या एकाच गोष्टीभोवती आहे. नवीन मॉडेलच्या पहिल्या लॉटमध्ये दोष निघतात, कंपन्या ते दुरुस्तही करतात, पण ती दुरुस्ती तुमच्या गाडीपर्यंत नीट पोचायला तुमच्या गाडीचा दोष वेळेवर कागदावर आलेला असायला हवा.

आधी गाडीची जन्मतारीख काढा

पहिल्या लॉटचे दोष कसे असतात ते आपल्या नाशिकच्या थारवरून समजून घ्या. नवीन थार २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आली, वेटिंग कित्येक महिन्यांचं होतं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये महिंद्राने जाहीर केलं की डिझेल थारच्या १,५७७ गाड्यांचा कॅमशाफ्ट तपासून बदलणार. कारण काय, तर सुटे भाग पुरवणाऱ्याच्या कारखान्यात मशीनचं सेटिंग चुकलं होतं. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनचे व्हॉल्व उघडझाप करणारा दांडा, त्याचा आकार जरा चुकला तर इंजिनचा तालच बिघडतो. आता यातली महत्त्वाची गोष्ट बघा, या गाड्या ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० या काळात बनलेल्या होत्या. पेट्रोल थारचा याच्याशी संबंध नाही, नंतर बनलेल्या डिझेलचाही नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये अजून एक झालं. नाशिक प्लांटला आलेल्या इंधनात भेसळ असल्याचा संशय होता, त्यामुळे २१ जून ते २ जुलै २०२१ या बारा दिवसांत बनलेल्या सहाशेपेक्षा कमी डिझेल गाड्या परत तपासायला बोलावल्या, इंजिनचे भाग वेळेआधी झिजण्याची शक्यता होती म्हणून. मग २०२२ मध्ये चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनच्या ६,६१८ आणि एक्सयूव्ही७०० च्या १२,५६६ मॅन्युअल गाड्या, तिथे बेल हाऊसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या आवरणाच्या, आतला रबरी बेलो मापात नव्हता, तारखा १ जुलै ते ११ नोव्हेंबर २०२२.

तिन्हीकडे एकच गोष्ट दिसते. सगळं मॉडेल खराब नसतं, एखाद्या पुरवठादाराकडे, एखाद्या काळात, एखादं मशीन किंवा तपासणी चुकते आणि तेवढ्याच गाड्यांना त्रास होतो. म्हणून "अमुक गाडीत प्रॉब्लेम आहे का" या प्रश्नाला तसा काही अर्थ नाही, प्रश्न असा विचारायचा की अमुक महिन्यात बनलेल्या अमुक इंजिनच्या गाडीत आहे का.

तुमची गाडी कधी बनली ते आरसीवर लिहिलेलं असतं, महिना आणि वर्ष. गाडी रजिस्टर कधी झाली ते वेगळं, त्यात गल्लत करू नका, डिसेंबरमध्ये बनलेली गाडी फेब्रुवारीत पासिंग होऊन तुमच्या दारात आलेली असू शकते. दुसरं म्हणजे चेसिस नंबर, सतरा आकडे-अक्षरं असतात, बहुतेक कंपन्यांच्या नंबरात दहावं अक्षर वर्षाचं असतं, २०२० ला एल, २०२१ ला एम, २०२२ ला एन, २०२३ ला पी, २०२४ ला आर, २०२५ ला एस. या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, म्हणजे ओ सारखं दिसतंय ते शून्य आहे आणि आय सारखं दिसतंय तो एक आहे. हे सांगतोय कारण चेसिस नंबर चुकीचा टाकला म्हणून "तुमची गाडी लिस्टमध्ये नाही" असं ऐकून निवांत बसलेली माणसं मी पाहिलीत.

नंबर हातात आला की दोन ठिकाणी तपासा. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावलीय का, ते बघता येतं, आणि वाहन कंपन्यांची जी सियाम नावाची संघटना आहे तिच्या साइटवर २०१२ पासूनच्या ऐच्छिक रिकॉलची यादी असते. अमेरिकेत असलेल्या आपल्या मंडळींना तर फारच सोपं, तिथल्या एनएचटीएसए या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेच्या साइटवर सतरा अंकी नंबर टाकला की त्या गाडीवरचे उघडे रिकॉल समोर येतात.

दोष कुठला आणि गाडीचा स्वभाव कुठला

हे नीट कळलं पाहिजे, कारण तीन वेळा स्वभावाची तक्रार घेऊन गेलात तर चौथ्यांदा खरा दोष सांगितला तरी कोणी मनावर घेत नाही.

सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रकार म्हणजे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर एचमध्ये (चार चाकांना ताकद, नेहमीचा वेग) गाडी वळवली की ती उड्या मारते, कटकट वाजते, ब्रेक धरल्यासारखी अडते. थार, जिमनी, स्कॉर्पिओ-एन या सगळ्या पार्ट टाइम फोर बाय फोर आहेत, म्हणजे पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांना पक्के जोडले जातात, मध्ये डिफरन्शियल नसतं. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, चिखलात-वाळूत चाक जरा घसरून ते भागवून घेतं, डांबरावर घसरायला जागाच नाही, मग तो ताण गिअरमध्ये साठतो. हा दोष नाही, चालवणाऱ्याने कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकायचंच नाही. आणि अशा वेळी लिव्हर अडकला, टू एचला (नुसत्या दोन चाकांवर) येईना, तर ओढाताण करू नका, सरळ रेषेत दहा-पंधरा फूट रिव्हर्स घ्या, ताण सुटला की लिव्हर अलगद येतो.

मागच्या ॲक्सलमधून "टक्क" आवाज, एक चाक हवेत फिरत असताना. ज्या गाडीत मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे तिथे दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की ते आपोआप लॉक होतं, तो लॉक बसल्याचा आवाज. चढावर अडकलेली गाडी त्या टक्कनंतर वर येते, तेव्हा तर तो आवाज ऐकून बरंच वाटतं. पण साध्या रस्त्यावर, सरळ जाताना, ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की मागून टक्क येत असेल तर तो वेगळा विषय, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस नाहीतर कुठलातरी सैल बोल्ट, ते दाखवायचं.

डिझेल बीएस६ गाडीत मधूनच आयडलिंग वाढतं, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात चालू राहतो, गरम धातूसारखा वास येतो. ते डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, स्वतःला साफ करतंय, आतली काजळी जाळतंय. जमलं तर त्या वेळी गाडी बंद करू नका, वीस मिनिटं हायवेला एका लयीत चालवा. पण याला जोडून एक खरा दोष असतो आणि तो फार कमी लोक बघतात, डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललंय का. ही साफसफाई पुन्हा पुन्हा अर्धवट राहिली तर जादा फवारलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि इंजिनची झीज होते. लेव्हल वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल, काठीला डिझेलचा वास येत असेल, तर पुढच्या सर्व्हिसची वाट बघत बसू नका.

आता स्टिअरिंग. पुढे अखंड ॲक्सल असलेल्या गाड्या, म्हणजे जिमनी किंवा जीप रँग्लर, या कारसारख्या सरळ धावणार नाहीत, हातात थोडं सैल लागेल, ते मान्य करायचं. पण सत्तर-ऐंशीच्या वेगाला एखादा खड्डा लागला आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वेड्यासारखं हलायला लागलं, गाडी हळू केल्याशिवाय थांबेना, तर तो स्वभाव नाही. २०१८ च्या नव्या रँग्लरला अमेरिकेत हेच झालं, लोक इतके हैराण झाले की कोर्टात गेले, आणि २०१९ मध्ये कंपनीने सगळ्यांना नवीन स्टिअरिंग डॅम्पर बसवून द्यायचं ठरवलं, थंडीत जुन्या डॅम्परमधल्या तेलात हवेचे बुडबुडे होतात असं त्यांचं म्हणणं. त्याच्या आधी ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्याच सुमारे १८ हजार रँग्लर वेगळ्या कारणासाठी बोलावल्या होत्या, ट्रॅक बार जिथे चेसिसला लागतो त्या ब्रॅकेटचं वेल्डिंग नीट नव्हतं. ट्रॅक बार म्हणजे ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा, त्याचा एक बोल्ट सैल असला तरी पुरतं. माझं स्पष्ट मत आहे की नुसता डॅम्पर बदलून "झालं काम" म्हणणाऱ्याला आधी ट्रॅक बारचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासायला लावा, बॉल जॉइंट आणि व्हील बॅलन्सिंग बघायला लावा, कारण डॅम्पर हलणं दाबतो, हलायचं कारण काढत नाही. आणि असं होत असताना कचकन ब्रेक मारू नका, स्टिअरिंग घट्ट धरून ॲक्सिलरेटर सोडा, गाडी आपोआप शांत होईल.

पहिल्या पाच हजार किमीत स्वतः काय बघायचं

सकाळी पहिला स्टार्ट तुम्ही स्वतः मारा, गाणी बंद, काचा खाली. रात्रभर उभी राहिलेली गाडी जेवढं खरं बोलते तेवढं दुपारची गरम गाडी बोलत नाही. टिकटिक येतेय का, ती दहा सेकंदात जाते की गरम झाल्यावरही राहते, ते ऐका आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. फोर्डच्या नव्या ब्रोंकोचं उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे, तिच्या २.७ लिटर पेट्रोल इंजिनात काही इनटेक व्हॉल्व बनवताना जास्त तापले होते, त्यामुळे ठिसूळ झाले आणि चालू गाडीत तुटायला लागले. २०२४ मध्ये फोर्डने याच कारणासाठी सुमारे ९० हजार गाड्या बोलावल्या, ब्रोंकोसोबत इतर मॉडेलही त्यात होती. असे व्हॉल्व तुटायचे असले तर बहुतेक वेळा लवकरच तुटतात, म्हणून दुरुस्ती म्हणजे आधी इंजिन ठरावीक पद्धतीने जोरात फिरवून बघायचं आणि त्यात नापास झालं तरच बदलायचं. यावरून आपल्यासाठी घ्यायचं ते एवढंच की घडणीतला दोष बऱ्याचदा सुरुवातीलाच बाहेर येतो, त्यामुळे नवीन गाडी महिनोन्महिने कव्हर घालून ठेवण्यापेक्षा रनिंग-इनचे नियम पाळून वेगवेगळ्या तऱ्हेने चालवा, घाट, हायवे, कच्चा रस्ता, लो रेंज (फोर लो, चार चाकांना कमी वेगात जास्त जोर), सगळं वॉरंटीच्या पहिल्या वर्षातच वापरून बघा. फोर लो चालतं की नाही हे दोन वर्षांनी एखाद्या ओढ्यात कळून उपयोग नाही.

डिपस्टिक दर हजार किमीला, गाडी सपाट जागेवर, थंड असताना. कागदावर रीडिंग लिहा.

पावसाळ्यात पाण्यातून नेलीत तर त्याची वेगळी काळजी. थारची पाण्यातून जायची मर्यादा ६५० मिमी सांगतात, म्हणजे साधारण दोन फूट, पण हा आकडा हळू चालवण्यासाठीचा आहे, पाणी उडवत फोटो काढण्यासाठीचा नाही. ॲक्सलला वर एक छोटी नळी असते, ब्रीदर, गरम झालेली हवा तिथून बाहेर जाते. तापलेला ॲक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर तुंबलेला किंवा निसटलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. एका मित्राच्या गाडीचा लेव्हल प्लग, म्हणजे ॲक्सलमधलं ऑइल तपासायचं बूच, मी माझ्यासमोर काढायला लावला होता, ताम्हिणीहून आल्यावर चार दिवसांनी, आतून जे आलं ते गिअर ऑइल नव्हतंच, कडक चहात दूध जास्त पडल्यावर जो रंग येतो तसं फिकट, फेसाळ काहीतरी थेंबाथेंबाने आलं. त्याच दिवशी ऑइल बदललं म्हणून वाचलं, महिना गेला असता तर बेअरिंग गंजले असते. ब्रीदरची नळी फॅक्टरीतूनच नीट बसलेली नसेल तर तो उत्पादनातला दोष आहे, तसा तो लिहून घ्यायचा.

वायरिंगकडेही एकदा टॉर्च मारून बघा, बोनेटखाली जिथे वायरचा जुडगा एखाद्या ब्रॅकेटच्या कडेला घासतोय असं वाटतं तिथे. ही बारीक गोष्ट वाटेल, पण २०२३ मध्ये एक्सयूव्ही७०० च्या एक लाखाहून जास्त गाड्यांचं इंजिन बेमधलं वायरिंग घासलं जाण्याच्या शक्यतेमुळेच तपासलं गेलं. ऑफ रोडला गाडी पिळवटते, त्यामुळे घासणं जास्त.

खाली वाकून बोल्टही बघा, फॅक्टरीत घट्ट केलेल्या बऱ्याच बोल्टवर रंगाची एक रेघ असते, बोल्टवर आणि शेजारच्या पत्र्यावर सलग. रेघ तुटलेली दिसली म्हणजे बोल्ट फिरलाय. सस्पेन्शनच्या बोल्टांच्या रेघांचे फोटो पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा, पहिल्या मोठ्या ट्रेलनंतर परत काढा.

सर्व्हिस सेंटरला गेल्यावर

आदराने बोला, तिथल्या माणसावर चिडून काही मिळत नाही, गाडी त्याने बनवलेली नाही आणि बऱ्याचदा तोच तुमच्या बाजूने कंपनीशी बोलणार असतो. पण जॉब कार्ड उघडल्याशिवाय किल्ली देऊ नका. "दादा, काम झालं नाही तरी चालेल, जॉब कार्ड मात्र उघडा, आणि मी सांगतो तेच शब्द तक्रारीत लिहा." ते बऱ्याचदा "जनरल चेकअप" लिहून मोकळे होतात, जनरल चेकअप म्हणजे तुम्ही काहीच तक्रार केली नाही असा अर्थ पुढे काढला जातो. तक्रारीत चार गोष्टी याव्यात, काय होतं, किती वेगाला किंवा कुठल्या गिअरला, गाडी गार असताना की गरम, आणि किती वेळा. "गाडी आवाज करते" हे निरुपयोगी आहे. "सकाळी पहिल्या स्टार्टला, दुसऱ्यातून तिसरा टाकताना कर्र आवाज, पाच किमीनंतर बंद, रोज" हे कामाचं आहे.

ट्रायल सोबत मारा. आवाज गार गाडीलाच येत असेल तर आदल्या संध्याकाळी गाडी तिथेच ठेवा आणि सकाळी उघडायच्या वेळी जा, स्टार्ट तुमच्यासमोर होऊ दे. गाडी बाजूला घेतल्यावर "आम्हाला तर काही जाणवलं नाही" असं म्हणाले तर तेही जॉब कार्डवर लिहून घ्या, दोष सापडला नाही ही नोंदसुद्धा तुमच्या बाजूची आहे, तारीख आणि किमी तर आले.

मग एक ठरलेला प्रश्न विचारा, "माझ्या चेसिस नंबरवर काही उघडं कॅम्पेन किंवा सर्व्हिस ॲक्शन आहे का, सिस्टिममध्ये बघून सांगा." हे विचारणं गरजेचं आहे कारण कंपनीच्या दुरुस्त्या तीन प्रकारे येतात. सुरक्षेचा विषय असेल तर जाहीर रिकॉल, पेपरात येतो, मेसेज येतो. त्याखाली सर्व्हिस ॲक्शन, गाडी रेग्युलर सर्व्हिसला आली की शांतपणे भाग बदलतात, विचारलं नाही तर तुम्हाला कळतही नाही. आणि तिसरा म्हणजे नुसतं तांत्रिक पत्रक, डीलरच्या मेकॅनिकांना जातं, "अशी तक्रार आली तर असं करा", म्हणजे तक्रार केलीत तर दुरुस्ती, नाही केलीत तर नाही. या तिसऱ्या प्रकारात जॉब कार्डवरचे शब्दच सगळं ठरवतात, पत्रकातल्या लक्षणाशी तुमचं लक्षण जुळलं पाहिजे.

काम झाल्यावर बिल शून्य रुपयांचं असलं तरी मागून घ्या, त्यावर बदललेल्या भागाचा पार्ट नंबर असतो. जुन्या भागाचा नंबर आणि नवीन भागाचा नंबर शेवटी एखाद्या अक्षराने वेगळा असेल तर कंपनीने तो भाग सुधारून बनवलाय, ही चांगली खूण आहे. दोन्ही नंबर तंतोतंत तेच असतील तर तोच दोष परत येऊ शकतो, लक्ष ठेवा.

दुरुस्ती सॉफ्टवेअरची असेल तर अजून एक प्रश्न विचारा, याने गाडीच्या वागण्यात काय बदलणार. मॅन्युअल रँग्लरमध्ये क्लच तापून प्रेशर प्लेट फुटायची, त्यावर २०२१ च्या दुरुस्तीत असं सॉफ्टवेअर घातलं की क्लच जास्त तापला की इंजिन ताकदच कमी देणार, आणि २०२३ मध्ये त्याच विषयावर परत रिकॉल काढावा लागला. म्हणजे चढावर अर्ध्या क्लचवर खेळताना गाडी अचानक मवाळ होऊ शकते, हे चालवणाऱ्याला आधी माहीत असायला हवं. जुना आणि नवीन सॉफ्टवेअर व्हर्जन बिलावर लिहून घ्या.

मॉडिफिकेशन जरा थांबवा

गाडी आली की पहिल्याच महिन्यात मोठे टायर, लिफ्ट किट, लोखंडी बंपर, विंच, लाइट बार असं सगळं होतं, हौस मला कळते, मलाही आहे. पण पहिलं वर्ष थांबा. मोठा टायर लावल्यावर स्टिअरिंग हललं तर दोष गाडीचा की टायरचा हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही, आणि वायर कापून जोडलेल्या लाइटमुळे पूर्ण वायरिंगची वॉरंटी नाकारतात. खाली दगड लागून चेंबर फुटला तर तेही वॉरंटीत बसत नाही, त्यामुळे ट्रेलच्या आधी आणि नंतर खालून फोटो काढा, म्हणजे गळती आधीची की दगडाची हे भांडण होणार नाही. शिवाय मोटर वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत, ते वाचून घ्या.

तरीही ऐकत नसतील तर

दोन-तीन जॉब कार्ड झाली की कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, फोन नको, ईमेल. विषयात चेसिस नंबर, आत तारखा, किमी, जॉब कार्ड नंबर, सोबत व्हिडिओ. गोष्ट लांबवू नका, एक पान पुरे. कंपनीचा एरियाचा टेक्निकल माणूस गाडी बघायला येतो का ते विचारा, नवीन मॉडेलमध्ये तो बऱ्याचदा येतो कारण त्यालाही दोष समजून घ्यायचा असतो, आणि तो आला की त्याच्यासमोर ट्रायल मारा.

सुरक्षेचा विषय असेल, ब्रेक, स्टिअरिंग, आग, चालत्या गाडीत इंजिन बंद पडणं, तर सरकारकडेही नोंद करा. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे रिकॉलचे नियम लागू आहेत, मोटर वाहन कायद्याच्या ११०-ए कलमाखाली, सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी. गाडीमालकाने परिवहन खात्याच्या पोर्टलवर तक्रार करायची सोय त्यात आहे, एकाच दोषाच्या ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर रिकॉल सक्तीचा होऊ शकतो, आणि सक्तीच्या रिकॉलमध्ये दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. माझ्या एकट्याने काय होणार असं वाटून लोक हे करत नाहीत, पण ही व्यवस्थाच मोजणीवर उभी आहे, तुमची नोंद नाही म्हणजे मोजणीत एक कमी.

पैशाचा आणि मनस्तापाचा विषय असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे पन्नास लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीच्या वस्तूंची तक्रार चालते म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक फोर बाय फोर त्यात बसतात. तक्रार करायचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, कंपनीच्या "बघतो, करतो" मध्ये ती निघून जाऊ देऊ नका.

आणि जुनी घेत असाल तर, समजा २०२० च्या शेवटची डिझेल थार, मालकाला कॅमशाफ्टच्या कामाचा कागद मागा. त्याच्याकडे नसेल तर चेसिस नंबर घेऊन कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि ते काम झालंय का ते सिस्टिममध्ये बघायला सांगा, पैसे देण्याच्या आधी. आणि जाताना एक पुठ्ठा घेऊन जा, मालक चहाला बसवेल तेवढा अर्धा-पाऊण तास गाडीखाली टाकून ठेवा.